काळ्या पट्टीचे आजोबा

खजुरीच्या माळावर आम्हा नर्सना भूकंपातल्या जखमींतून आधी उपचार कोणावर करायचे ते खोट्या जखमींवर शिकवत होते. रक्त म्हणून कुंकवाचं पाणी शिंपडलेली माणसं उन्हात झोपवली होती. एका पटकेवाल्या आजोबांच्या मनगटाला काळी पट्टी होती. म्हणजे हे मेलेले, यांच्यावर वेळ घालवायचा नाही. सराव बघायला येणाऱ्या पाहुण्यांची गाडी येईना आणि फोटोआधी उठायची परवानगी नव्हती. आजोबा हळूच माशी हाकलायचे आणि शिकवणाऱ्या साहेबांनी बघितलं की पुन्हा प्रामाणिकपणे मरायचे.

मी जवळून जाताना ते डोळे मिटूनच म्हणाले, "अक्का, मेलेल्याला तहान लागली तर काय करायचं, शिकिवलंय का न्हाई?"

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी पाणी पाजलं. मेलेल्यावर वेळ घालवला म्हणून साहेबांनी माझे गुण कापले.

त्या अख्ख्या सरावात खरोखर वाचलेला माणूस तेवढा एकच.