बाहेर जाणाऱ्यालाही विचारणारी बाई

फोन आला तेव्हा मी लातूरला लेकीच्या घरी चहा पीत बसलो होतो. मुखेडहून सुनंदाबाईंचा भाऊ बोलत होता. "सर, ताई गेली... सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात न्यायला बी वेळ दिला न्हाई." लेकीनं विचारलं, "बाबा, कोण गेलं?" मी म्हणालो, "तुझ्या लग्नात माझी अब्रू वाचवली ती बाई." आणि रडता रडता मला हसू फुटलं.

नांदेडच्या आमच्या दवाखान्यात सुनंदा वाघमारे कॉम्प्युटरचं सगळं बघायच्या, मी प्रयोगशाळेचा प्रमुख. त्यांचे वडील एसटीच्या आगारात फाटकावर होते. गाडी आत आली की नोंद, बाहेर निघाली तरी नोंद. बाईंनी तेच फाटक आमच्या इंटरनेटला लावलं. फायरवॉल म्हणजे बाहेरून येणारं अडवायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. या बाईंनी बाहेर जाणारंही सगळं बंद केलं! ज्याला जायचंय त्यानं वहीत लिहायचं : कोणतं मशीन, कुठं, कशाला, किती वाजेपर्यंत. तेवढीच वाट त्या उघडायच्या आणि वेळ झाली की बंद करायच्या.

मी तर पेटलोच. "अहो, काय करून राहिल्या तुम्ही? हा दवाखाना हाय का जेल?"

"सर, येणाऱ्यावर तर कुत्रंबी भुंकतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चोर माल नेतो तो जाताना. तवा कोण विचारतं?"

मी वरपर्यंत तक्रार केली. निम्मा स्टाफ माझ्या बाजूनं होता. बाईंनी वही काही मिटली नाही.

मग लेकीचं लग्न ठरलं. छापखान्यातून पत्रिकेचा नमुना पेनड्राइव्हवर आणला आणि घरी जाईपर्यंत कुठला धीर, थेट प्रयोगशाळेच्या मशीनला लावला. निमंत्रकांत धाकट्या काकांचं नाव राहिलं तर भावकी वर्षभर बोलत नाही, म्हणून एकेक नाव तपासत बसलो. तेवढ्यात बाई जवळजवळ पळतच आल्या आणि त्यांनी मशीनची वायर उपटली.

"सर, काय लावलं याला? मघापासून तुमचं मशीन कुठल्या तरी अनोळखी पत्त्यावर जायला धडपडून राहिलंय."

पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता आणि रुग्णांचे रिपोर्ट गोळा करून बाहेर पाठवायला बघत होता. टीबीचे, एचआयव्हीचे, सगळे. लोह्याकडच्या एखाद्या गावात असलं एक नाव फुटलं की त्या घराची पायरी कुणी चढत नाही. पोरीची सोयरीक मोडते. आणि हे माझ्या हातून...

"किती गेलं, बाई?" मी विचारलं.

"एक अक्षरबी न्हाई!" त्या म्हणाल्या. "समदं फाटकाला धडकून माघारी आलं."

काय तो चेहरा होता त्यांचा! शाब्बास गं बाई, असं मी सगळ्यांसमोर ओरडलो आणि हात जोडले. त्यांनी मात्र आधी वही उघडली. "प्रयोगशाळेचं मशीन. कुठं : माहीत नाही. कशाला : चोरीसाठी. जाऊ दिलं नाही." माझं नाव कुठंच नव्हतं. म्हणाल्या, "चूक मशीनच्या नावावर टाकली, सर. पण आता तक्रार बंद." लग्नाला आल्या, पोटभर जेवल्या आणि जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "पत्रिका लई झाक झाली, सर. पण घरीच बघायची होती."

बाई गेल्यानंतर, आता गेल्या आठवड्यात नवं यंत्र जोडायला एका कंपनीचा माणूस आला. "सर, बाहेरचं सगळं ओपन करून द्या, दोन मिनिटांचं काम आहे." एके काळी भांडलेला मी, मीच वही त्याच्यापुढं सरकवली. "कुठं? कशाला? किती वाजेपर्यंत?"

"असं कुणी विचारत नाही हो."

"इथं विचारतात," मी म्हणालो.

बाईंच्या शेवटच्या नोंदीखाली त्यानं मुकाट्यानं लिहिलं. त्यांच्या जागी आलेल्या शेख मॅडमनी तेवढीच वाट उघडली आणि पाचच्या ठोक्याला बंद केली. मी खाली सही केली.

बाई, या फाटकातून नोंद न करता गेलात त्या एकट्या तुम्ही. बाकी एक अक्षरही गेलेलं नाही.