आम्ही आणि मी

सव्विसाव्या उत्तरपत्रिकेतही तेच वाक्य आलं, तेव्हा हेडविग ब्रोकमानबाईंनी लाल पेन टेबलावर टाकलं. 'प्रथमपुरुषी निवेदनामुळे वाचक निवेदकाच्या जवळ जातो.' या माणसाच्या जवळ? बाईंना शिसारी आली.

बाई जर्मनीतल्या त्सेले गावच्या शाळेत एकतीस वर्षं जर्मन शिकवत होत्या. नववीच्या परीक्षेतली कथा दोन पानांची. एक मुलगा म्हाताऱ्या आईला वृद्धाश्रमात पोचवतो, तिचं धडधाकट कुत्रं डॉक्टरकडून मारवतो आणि हे सगळं गोड आवाजात सांगतो. पोरांनी ओळ चारमधलं रूपक टिपलं, ओळ बारामधली पुनरुक्ती टिपली. उवा वेचाव्यात तशी. कुत्र्याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं. आणि ही वाक्यं बाईंनीच फळ्यावर लिहून घोकून घेतलेली.

शेवटची उत्तरपत्रिका वीबके हार्म्सची. अर्धंच पान. ना ओळींचे आकडे, ना अलंकारांची नावं.

'हा माणूस लबाड आहे. वाईट काम आलं की "आम्ही" म्हणतो. "आम्ही कुत्र्याला नेलं." फुलं नेली तेव्हा मात्र "मी". आणि आई एकदाही बोलत नाही.'

बाईंनी कथा पुन्हा उघडली. सहा वर्षं शिकवली होती. खरंच, आई एकदाही बोलत नव्हती. त्यांनी दोन दिले. तिथे एक सर्वांत वरचा, सहा सर्वांत खालचा; दोन म्हणजे आपल्याकडचा पहिला वर्गच म्हणा.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख एलर्स यांनी बोलावलं. ते चीज लावलेला पाव खात होते.

"बाई, गुणतक्त्याप्रमाणे हिला पाच पडतात. चक्क नापास. दोन कुठून काढलेत?"

"निवेदक खोटं बोलतोय, हे तिला एकटीला दिसलं."

"त्याला तक्त्यात रकाना नाही." पावाचा चुरा वीबकेच्या अक्षरांवर पडला. "असं करू, आपण तीन देऊ."

"आपण नाही. तुम्हाला द्यायचे तर तुम्ही खोडा, आणि खाली तुमची सही करा."

एलर्सनी सही केली नाही. दोन कायम राहिले.

पुढच्या परीक्षेत वीबकेने ओळींच्या आकड्यांसकट चार रूपकं लिहिली. 'वाचक निवेदकाच्या जवळ जातो,' हेही लिहिलं.

"हे तुझं तुला पटतं?" बाईंनी विचारलं.

"आई म्हणाली, गुणांवरून शाळेत पुन्हा भांडणं नकोत. सगळे लिहितात तसंच लिही."

तक्त्याप्रमाणे एक, म्हणजे सर्वोत्तम. बाईंनी तो दिला. आणि खाली स्वतःची सही केली.