बेहड्याच्या वळणावरचं मिसिंग

गोपीचंद मिस्त्रीच्या गॅरेजसमोर कुणी ट्रक चालू ठेवून चहाला गेला, की गोपीचंद हातातलं काम टाकून उठायचा, केबिनमध्ये डोकावायचा आणि इंजिन बंद करून परत यायचा. नवे ड्रायव्हर चिडत. जुने काही बोलत नसत. गोबरवाहीच्या रस्त्यावर त्याची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती, आणि ती कशी लागली तेही.

धनीराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज रेल्वेच्या साइडिंगवर नेऊन टाकायचं, हा धनीरामचा धंदा. ट्रक स्वतःचा, पण पार जुना. त्याचं इंजिन गोपीचंदनं इतक्यांदा खोललं होतं की डोळे मिटून जोडलं असतं. एका हिवाळ्यात, भर दुपारी, तो ट्रक बेहड्याच्या झाडापाशी, वळणावर कडेला उभा दिसला. चढाचा रस्ता, मागे भरलेला माल, हँडब्रेक ओढलेला आणि इंजिन सुरू. गाडी बिघडली असेल म्हणून लोकांनी गोपीचंदला बोलावून आणलं. त्यानं दार उघडलं. धनीराम स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. मानेला हात लावला तर मान गार.

इंजिन मात्र एकसारखं टकटकत होतं. ते बंद करायची दांडी गोपीचंदनंच ओढली. आवाज थांबला आणि त्याला वाटलं, हा आत्ता गेला, आपल्या हातून गेला. हृदय आधीच बंद पडलं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. डोक्याला ते पटलं, कानाला नाही.

ट्रक बरेच दिवस धनीरामच्या अंगणात उभा राहिला. मग धाकटा भाऊ भूपेंद्र तो चालवू लागला, आणि एके दिवशी घेऊन गॅरेजवर आला. सोबत निर्मलाबाई, धनीरामची बायको.

"गोपीभाऊ, गाडी मिसिंग मारून राहिली," भूपेंद्र म्हणाला. "खाली असली का झकास चालते. माल भरून बेहड्याच्या वळणावर गेली का थरथरते, दम तोडते. जराशी थांबवली का मंग पुन्हा लागते चालाले."

"दुसऱ्या कुठी नाई होत?"

"नाई. तिथंच." त्यानं आवाज खाली घेतला. "लोकं म्हणतेत, दादाच थांबवून राहिला."

"थांबवत असन त थांबवू द्या," निर्मलाबाई म्हणाली. "नवऱ्याचं कायचं भेव?"

गोपीचंद पाना घेऊन वाकला. इंजिन चालू ठेवून त्यानं डिझेल फवारणाऱ्या एकेका नोझलच्या नळीचा नट सैल केला. दर वेळी आवाज पडायचा, नट कसला की पुन्हा उचलायचा. म्हणजे सहाही सिलिंडर जिवंत. डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, नोझल तुमसरला पाठवून तपासून आणले. कुठेही खोट नाही.

"आता मालासंग पाहा लागते," तो म्हणाला. त्या दुपारनंतर तो त्या वळणावर गेलाच नव्हता. कामासाठी जायचं झालं तरी लांबच्या वाटेनं फिरून जायचा.

माल भरून निघाले. वळण दिसलं तसा इंजिनाचा सूर फाटला. बॉनेट हादरू लागलं, केबिन थरथरली, मागून पांढुरका धूर निघाला. ट्रक नेमका त्याच जागी, कडेला येऊन रेंगाळला. आयुष्यात कधी गाडीला लिंबू-मिरची न बांधलेला गोपीचंद पुटपुटला, "धनीराम, काय पाहिजे रे तुले?"

भूपेंद्रनं ते ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला.

पण गोपीचंद खाली उतरला. त्यानं बॉनेट उघडलं आणि नुसता ऐकत राहिला. उभ्या गाडीत आवाज हळूहळू सुधारत गेला. हा सूर त्याच्या ओळखीचा होता. भुकेल्या इंजिनाचा. डिझेल पुरत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या खेपेला त्यानं केबिनमध्ये डिझेलचा डबा बांधला आणि टाकीची नळी काढून पंपाला डब्यातून नळी दिली. ट्रक बेहड्याचं वळण न कुरकुरता चढून गेला. म्हणजे खोट टाकीत होती.

टाकी उतरवून रिकामी केली. तारेचा आकडा आत फिरवला तेव्हा काळं, चिकट काहीतरी अडकून बाहेर आलं. कापडाची चिंधी.

"चढावर डिझेल जोरात ओढल्या जाते, तवा हे जाऊन नळीच्या तोंडावर बसते," त्यानं सांगितलं. "गाडी थांबली का सुटते."

निर्मलाबाईनं ती चिंधी घेतली, पिळली, बोटानं चोळली. काळ्याखाली हिरवा काठ दिसला.

"माझ्या लुगड्याची आहे," ती म्हणाली. "टाकीचं टोपन हरपलं होतं. बोळा लावाले चिंधी मांगतली होती त्याइनं. तीच आत गेली असन. त्याच दिवशी, घरून निंगतानी."

भूपेंद्र तिथून उठून हातपंपाकडे गेला.

"मंग त्या दिवशीबी असंच झालं असन काय, गोपीभाऊ?" निर्मलाबाईनं विचारलं. " गाडी थांबली म्हणून थे थांबले, का त्याइले काही होऊन राहिलं होतं म्हणून त्याइनं गाडी थांबवली?"

गोपीचंद हाच विचार करत होता. गाडी अडली नसती तर धनीराम कदाचित साइडिंगवर, माणसांत पोचला असता. किंवा चालत्या गाडीत कळ आली असती आणि भरला ट्रक उतारानं मागे, रस्त्यानं चालणाऱ्या बायांवर गेला असता. तिला बरं वाटेल असं काही सांगणं सोपं होतं.

"नाई सांगता येत, वहिनी," तो म्हणाला. "मीनं लय डोकं लावलं."

टाकी धुऊन, नवं टोपण लावून ते पुन्हा माल घेऊन निघाले. निर्मलाबाई हट्टानं सोबत आली. वळण आलं. इंजिन एका सुरात ओढत राहिलं, बेहडा मागे पडला आणि भूपेंद्र किती दिवसांनी मोकळं हसला.

"थांबव बापू," निर्मलाबाई भूपेंद्रला म्हणाली.

ती उतरून मागे चालत गेली. वळणावर कडेला उभी राहिली, मग झाडाखाली बसली. भूपेंद्रनं विचारलं, "बोलावू काय?"

"बसू दे."

ऊन कलल्यावर ती परत आली, केबिनमध्ये चढली आणि पदर सावरून समोर पाहत बसली.

"तिथं कोणीच नाई, गोपीभाऊ," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, असन."

भूपेंद्रनं गिअर टाकला. ट्रक साइडिंगकडे निघाला.