काकूंचा कुलपांचा नाद
शिंपीणकाकूंना कुलपं उघडायचा भारी नाद. कुणाची किल्ली हरवली की शिवण टाकून त्या दोन तारा घेऊन निघत, वर बडबडत, "किल्ल्या गळ्यात बांधा, मेल्यांनो!"

एकदा वरच्या मजल्यावरचा कारकून नवंकोरं कुलूप घेऊन आला. "काकू, हे उघडतं का बघा. आईला आत ठेवून मी बाहेरून कुलूप लावून कामावर जातो, तर कुणीतरी ते रोज उघडतं. म्हातारी जिन्यात गप्पा मारत बसते!"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज उघडणाऱ्या त्याच होत्या. बघता बघता त्यांनी नवं कुलूपही उघडून त्याच्या हातावर आपटलं.

"कुलूप कसं आहे ते आत बसलेल्याला विचारावं. चल, आज आत तू बस, बाहेरून मी लावते."