मंजूर नसलेली विहीर

हटवार साहेबांनी मला पहिलं पत्र सांगितलं ते चालता चालता. मी टाइपरायटरपाशी बसलेली आणि ते खोलीभर फिरत होते. वाक्य माझ्या टेबलापाशी सुरू झालं, त्याचा मधला भाग व्हरांड्यात गेला आणि शेवट सिमेंटच्या गोदामाकडे ऐकू आला. मी कागद-पेन्सिल घेऊन मागे धावले, तर म्हणाले, "तुमी बसा ना बाई, मी येऊन राहिलो." ते परत आले खरे, पण तोवर पत्र विसरले होते आणि हातात एक वीट होती. वीट माझ्या टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "ही कच्ची हाय का पक्की, तुमीच सांगा." मला विटेतलं काय कळणार? त्यांनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं आणि स्वतःच म्हणाले, "पक्की हाय. आवाज पाहा कसा येते."

आमचं घराणं दुर्गचं. आजोबांपासून तिथेच. भिलाईला कारखाना उभा राहू लागला तेव्हा मी टायपिंग शिकून एका ठेकेदार कंपनीत लागले. कारखान्याच्या मोठ्या भट्ट्या तिकडे रशियन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चढत होत्या. आमच्या कंपनीकडे त्यांतलं काहीच नव्हतं. आमचं काम क्वार्टर, रस्ते आणि सांडपाण्याच्या नाल्या बांधण्याचं. वसाहतीचे सेक्टर म्हणजे तेव्हा लाल मुरमाचं माळरान आणि त्यात ठोकलेल्या खुंट्या. ऑफिसातून निघताना माझ्या पांढऱ्या साडीचा काठ रोज तांबडा झालेला असे.

हटवार साहेब आमचे ओव्हरसियर. भंडाऱ्याकडच्या शेतकरी कुटुंबातले, नागपूरला शिकलेले, चाळिशीच्या अलीकडचे. उंच, हाडकुळे, आणि अंगात सतत काहीतरी वळवळत असल्यासारखे. जेवतानाही ते एका हातात भाकरी घेऊन खिडकीपाशी उभे राहत आणि बाहेर कोण रिकामं बसलंय ते पाहत. त्यांचा आवाज मोठा होता. चूक दिसली की साहेब असो वा बिगारी, ते सगळ्यांसमोर बोलत. त्यामुळे त्यांना मित्र कमी होते. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "हे कावून?" म्हणजे, हे कशासाठी? नकाशा आला, की "हे कावून?" ट्रकमधून जास्तीची वाळू उतरली, की "हे कावून?" आमचे मोठे साहेब या प्रश्नाला फार वैतागत.

सेक्टर दोनमधलं काम त्यांनी मुदतीच्या आधी पुरं केलं. उरलेल्या विटा आणि सिमेंट गोदामात परत केलं. मला वाटलं, आता त्यांचं कौतुक होईल. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "आपका काम तो हो गया. इतने आदमी अब क्या करेंगे?" हटवारांच्या हाताखालचे अर्धे मजूर कमी झाले.

त्याच सुमाराला शेजारच्या भागाचे ओव्हरसियर माथुर यांनी बांधलेल्या नाल्यांचा उतार उलटा निघाला. न्हाणीचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात येऊ लागलं. दिल्लीहून पाहुणे येणार होते. माथुरांना वाटेल तेवढी माणसं आणि एक जीप मिळाली. त्यांनी सगळ्या नाल्या फोडून धडाक्याने पुन्हा बांधल्या. पाहुणे येऊन गेले, माथुरांच्या गळ्यात हार पडला आणि जीप त्यांच्याकडेच राहिली. माथुर मनाचे वाईट नव्हते. एकदा चहा पिताना त्यांनी हटवारांना मनापासून समजावलं, "हटवारजी, आप आग लगने ही नहीं देते. फिर बुझाते हुए आपको देखेगा कौन?"

हटवार चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

कमी झालेल्या मजुरांत सुकवारोची टोळी होती. सुकवारो ही जवळच्याच एका गावची, पस्तिशीची बाई. गावाची जमीन कारखान्यात गेली होती, आणि आता ती आणि तिच्याबरोबरच्या बायका रेजा, म्हणजे मजूरणी, म्हणून डोक्यावरून माती वाहत होत्या. त्या सगळ्या एका सकाळी ऑफिसच्या पायऱ्यांशी येऊन उभ्या राहिल्या. सुकवारो हटवारांना म्हणाली, "तुमन जल्दी करव कहेव, हमन जल्दी करेन. अब काम नइ हे कहिथव."

तिच्या आवाजात राग नव्हता. घाई करा म्हटलं म्हणून घाई केली, तर काम कसं गेलं, हे तिला खरंच समजून घ्यायचं होतं. त्या निघून गेल्यावर हटवार माझ्या टेबलापाशी आले. "बाई, म्या या बायांले पानी प्यायची उसंत देल्ली नाही. चला, चला, करत राहिलो. कावून? त्याइची रोजी लवकर बुडावी म्हनून?" मग ते दिवसभर ऑफिसात दिसले नाहीत.

पुढे त्यांना सेक्टर सहाच्या टोकाचं काम मिळालं. वरून आलेल्या नकाशात तिथे एक लांबलचक नाली दाखवली होती, आणि ती जात होती थेट एका टेकाडावरून. पाणी तिथे चढून येणार कसं, हे मलासुद्धा कळेना. आता "हे कावून?" येणार म्हणून मी कान टवकारून बसले. हटवारांनी नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि मोठ्या साहेबांना शांतपणे म्हणाले, "हो जाएगा, साहब. टेकाड गहरा काटना पड़ेगा. आदमी और ईंटें ज्यादा लगेंगी."

मोठे साहेब खूश झाले. मागितलं ते सगळं मिळालं. सुकवारोची टोळी कामावर परत आली.

त्या नालीचं काम उन्हाळाभर चाललं. टेकाडाचा मुरूम कुदळीला दाद देत नव्हता. हटवार खड्ड्याच्या काठावरून येरझारा घालत. पण आता ते "चला, चला" म्हणत नसत, आणि त्यामुळेच जास्त अस्वस्थ वाटत. एकदा मी विचारलं, "साहेब, या नालीला पाणी कुठून येणार?"

"नाही येनार," ते म्हणाले. "टेकाड कितीबी काटलं तरी नाली क्वार्टरापेक्षा उंचच राहते. मले मालूम हाय, मोठ्या साहेबाले मालूम हाय. ज्यानं नकाशा काढला त्याले मालूम असंन का नाही, ते मी सांगू शकत नाही." आणि मग जरा थांबून, "पन बाई, एवढ्या विटा, एवढे हात. कुठंतरी पानी लागलंच पायजे ना?"

ते काय म्हणत होते ते मला काही दिवसांनी कळलं. मजुरांच्या झोपड्या टेकाडाच्या पलीकडे होत्या. तिथे पाण्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा. हटवारांनी टोळीतल्या काही बायका आणि दोन गडी रोज तिकडे लावले आणि नालीच्या विटांतून बांधून घेतली एक विहीर. तिला पाणी लागलं त्या दिवशी ते ऑफिसात आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. मला म्हणाले, "गोड हाय." एवढंच. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

नाली पुरी झाली. टेकाडातून कोरून काढलेली ती सरळ, खोल, विटांनी बांधलेली नाली दिसायला खरोखर देखणी होती. कंपनीने समारंभ ठेवला. शामियाना घातला, हार आणला, हटवारांना सिनियर ओव्हरसियर केल्याचं जाहीर केलं. दोन शब्द बोला म्हणून मोठ्या साहेबांनी त्यांना माइकसमोर ढकललं.

हटवारांनी हार काढून हातात घेतला. म्हणाले, "साहब, इस नाली में पानी कभी नहीं आएगा. जमीन वहाँ ऊँची है. यह काम फालतू था. इसके लिए मुझे हार नहीं देना चाहिए."

मोठे साहेब हसले, त्यांच्यामागून सगळे हसले आणि टाळ्या पडल्या. मोठे साहेब माइकपाशी येऊन म्हणाले, "देखिए, इतना करके भी इन्हें संतोष नहीं. ऐसे आदमी चाहिए."

समारंभानंतर हटवार मला शामियान्यामागे भेटले. हारातली फुलं ते एकेक करून तोडत होते. "बाई, इतके दिवस मी खोटं वागून राहिलो, तं सगळ्याइनं इस्वास ठेवला. आज खरं बोललो, तं टाळ्या वाजवल्या. आता आनखी कोन्त्या भाषेत सांगू?"

पुढच्या महिन्यात कंपनीच्या मुख्य कचेरीतून एक अधिकारी आले. नमुनेदार काम म्हणून त्यांना नाली दाखवायला नेलं. ऊन कडक होतं. त्यांना तहान लागली, तेव्हा कुणीतरी झोपड्यांमधून लोटाभर पाणी आणून दिलं. त्यांनी ते दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, हे पाणी कुठलं. त्यांना विहिरीवर नेलं. कठड्याच्या विटांवर आमच्या कंपनीचा शिक्का होता. अधिकाऱ्यांनी शिक्का पाहिला, रुमालाने तोंड पुसलं आणि विचारलं, "यह कुआँ किस नक्शे में है?"

कोणत्याच नव्हता. कंपनीचा माल आणि मजूर भलतीकडे वापरल्याबद्दल हटवारांवर ठपका आला. ते पत्र मीच टाइप केलं. बढतीचंही मीच केलं होतं.

मोठ्या साहेबांना त्यांना घालवायचं नव्हतं. माझ्यासमोरच त्यांनी वाट सुचवली. "हटवार, लिख दो कि उतनी ईंटें खराब निकलीं, फेंक दी गईं. माल खराब होता ही है, कोई नहीं पूछेगा. कुआँ पटवा देंगे और बात खत्म."

"पर ईंटें अच्छी थीं, साहब," हटवार म्हणाले.

"मैं जानता हूँ अच्छी थीं. लिखने की बात कर रहा हूँ."

हटवार खोलीत एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "फेंकी होतीं, तो आप मुझे रख लेते. काम में लगाईं, इसलिए नहीं रख सकते. यही ना?"

मोठ्या साहेबांनी कागद सरकवला आणि पेन पुढे केलं. हटवारांनी पेनाला हात लावला नाही. संध्याकाळी त्यांची नोकरी गेली.

विहीर बुजवायचा हुकूम सुकवारोच्याच टोळीला मिळाला. हटवार निघण्याआधी तिकडे गेले, आणि मीही गेले. बायका कठड्यावर बसून होत्या. घमेली पालथी ठेवली होती. हटवार घाबरले. त्यांना विहिरीपेक्षा या बायकांची काळजी. "बाई, बुजा डालो. नहीं तो तुम्हारी रोजी जाएगी. मैं अब तुमको वापस नहीं ला सकूँगा."

सुकवारो उठली नाही. म्हणाली, "रोजी तो पहिली घलो गे रिहिस, साहेब. पानी पहिली बार आए हे."

रोजी याआधीही एकदा गेली होती; पाणी मात्र पहिल्यांदाच आलं होतं. हटवारांनी तिला हात जोडले. तिनेही बसल्या जागेवरून हात जोडले.

त्या बायकांना कोणी काढलं नाही, कारण बुजवायचं काम सुरूच होईना. विहीर बुजवायला मुरूम लागणार होता. आमच्या चारी बाजूंना मुरूमच होता, नालीतून निघालेले ढीग तर डोळ्यांसमोर पडून होते. पण तो मुरूम नालीच्या कामाचा, विहिरीच्या कामासाठी वेगळा मंजूर व्हायला हवा. आणि विहीरच नकाशात नसल्याने तिच्या नावाने मुरूम मागता येईना. मुख्य कचेरीला विचारलं गेलं. मुख्य कचेरीने आम्हालाच विचारलं. असं करता करता कंपनीचं भिलाईतलं काम संपलं.

हटवार साहेब मला त्यानंतर एकदाच भेटले, गोंदियाच्या स्टेशनवर. मी लग्न होऊन नागपूरला निघाले होते. ते तुमसरकडे कुठल्याशा नगरपालिकेत लागले होते, तिथेही जमेल असं त्यांना वाटत नव्हतं. केस पिकले होते. मी त्यांना खिडकीतून मुरमाची सगळी हकिकत सांगितली. विहीर अजून आहे, बायका पाणी भरतात, आता तर तिच्याभोवती वस्ती वाढलीय. मला वाटलं, ते मोठ्याने हसतील.

ते हसले नाहीत. खिडकीचे गज धरून त्यांनी विचारलं, "पन बाई, तो मुरूम कोनी मंजूर तं नाही करून टाकनार?"

मी म्हटलं, "नाही हो साहेब, आता कोण करतं."

"नाही, तुमाले मालूम नाही," ते म्हणाले. "एखादा नवीन साहेब आला, आन त्यानं काम दाखवाचं ठरवलं तं?"

गाडी हलली तरी ते बाजूने चालत तेच विचारत राहिले, आणि मी मान हलवत राहिले.