वहिनीच्या वर्गातली भिंगरी

माझी वहिनी तिसरीच्या वर्गाला शिकवते आणि मी घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. दिवसभर ती पोरांना वळण लावते आणि मी कापडाला. संध्याकाळी दोघी समोरासमोर आलो की ती बोलते आणि मी ऐकते, कारण माझ्या तोंडात टाचण्या असतात. दादा म्हणतो, टाचण्यांचा शोध ज्याने लावला त्याचे या घरावर फार उपकार आहेत.

वहिनीचा स्वभाव कळायचा असेल तर तिच्याकडे एकदा जेवायला यावं. ताटात जागा दिसली की ती वाढते. 'नको' हा शब्द तिला ऐकूच येत नाही. एखाद्याने भाजी भराभर संपवली तर त्याला ती आवडली असं समजून ती तीच भाजी पुन्हा वाढते. बिचाऱ्याने नावडती म्हणून ती आधी उरकलेली असते. मी या घरात सावकाश जेवायला शिकले ते त्यामुळेच. असा सढळ हात घेऊनच ती वर्गातही जाते, आणि पोरं तिच्यावर जीव टाकतात हेही खरं.

यंदा तिच्या वर्गात भिंगरी आली. हे नाव वहिनीनेच ठेवलेलं, कारण ती मुलगी बाकावर बसते ती फक्त टेकण्यापुरती. पण गणित म्हणाल तर विचारू नका. वहिनीचं फळ्यावर लिहून होईपर्यंत हिची उत्तरं तयार. पहिले काही दिवस वहिनी घरी आली की दुसरा विषय नव्हता. "अगं, काय पोर आहे! नुसतं डोळे मिचकावून सांगते!" मी टाचण्यांमधून 'हं' म्हणायची.

आता अशा मुलीचं काय करायचं? वहिनीने तेच केलं जे ती ताटाचं करते. भिंगरीची गणितं संपली की तिला आणखी गणितं दिली. तीही संपली की आणखी. सगळी त्याच जातीची, फक्त आकडे वेगळे. मग वहिनीला वाटलं, पोरीला मान द्यावा. म्हणून तिला इतरांची उत्तरं तपासायला बसवलं. तेव्हा तिची एकुलती एक मैत्रीण तिच्याशी बोलेनाशी झाली. आपल्या चुकांवर शेजारणीनेच फुल्या मारलेल्या कुणाला आवडतील?

हळूहळू भिंगरी मागे पडायला लागली. आधी पहिली असायची ती मधल्या मुलांबरोबर संपवू लागली, मग शेवटच्यांबरोबर. पुढे गणिताचा तास आला की तिचं पोट दुखायचं. भाषेच्या तासाला तेच पोट ठणठणीत. एके दिवशी तिची आई शाळेत आली. ती बस चालवते. खाकी शर्टातच आली आणि उभ्याउभ्याच बोलली. "बाई, रोज रात्री 'आई, गणित घाल' म्हणून माझं डोकं खायची. आता मीच घालते म्हटलं तर भिंतीकडे तोंड करते. काही झालं का हो वर्गात?"

त्या दिवशी वहिनी घरी आली ती गप्प. मी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, म्हणजे बघा.

"माझ्या हातून गेलं गं तिचं गणित," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या वर्गात असती तर टिकलं असतं."

वहिनी रडकी नाही. पण पोरीची गोडी आपल्यामुळे गेली ही गोष्ट तिला आतून खात होती. माझाही जीव कासावीस झाला, उगाच खोटं कशाला सांगू?

त्यातच मुख्याध्यापिकाबाई तोंडी गणितांच्या तासाला येऊन बसल्या. वहिनीने भिंगरीला उभं केलं. आठ गुणिले सात? सत्तावन्न. नऊ गुणिले सहा? छप्पन्न. सहा गुणिले सात? पंचेचाळीस. पंचवीस अधिक छत्तीस? पासष्ट. वहिनीने तिला घाईघाईने बसवलं. बाहेर पडताना मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "दुधावरचा फेस होता हो. तो खाली बसायचाच. फार मनाला लावून घेऊ नका."

संध्याकाळी वहिनी विळीवर भाजी चिरत मला हे सांगत होती. तिला उत्तरं जशीच्या तशी पाठ होती, दुखलेलं माणूस दुसऱ्याचे शब्द पाठ ठेवतं तशी. "छप्पन्नचे सत्तावन्न केले. चोपन्नचे छप्पन्न. बेचाळीसचे पंचेचाळीस. एकसष्टचे..." आणि ती थांबली. भाजी हातातच. "एकाने जास्त. दोनाने जास्त. तिनाने. चाराने."

"बरं मग?" मी म्हणाले.

"अगं, मेली मुद्दाम चुकतेय! ओळीने चुकतेय!"

"मग उद्या कान उपट तिचा."

"वन्सं," वहिनी म्हणाली. वन्सं ती मला फक्त माझी अक्कल काढायची असली की म्हणते. "बरोबर उत्तर आधी काढल्याशिवाय असं चुकता येतं का? तिला इतका कंटाळा आलाय की चुका करण्यातसुद्धा तिने गणित शोधलंय." आणि ती हसायला लागली. किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पाचवं विचारलं असतं तर पाचाने चुकणार होतीस ना?" पोरगी आधी घाबरली. बाई रागावलेल्या नाहीत हे दिसल्यावर तिने मान डोलावली. असं का करतेस, विचारल्यावर म्हणाली, "लवकर संपवलं की परत तेच मिळतं, बाई."

वहिनी म्हणते, नोकरीत तिला बरेच साहेब तपासायला आले, पण इतक्या थोडक्यात कुणी तिची तपासणी केली नव्हती.

मग ती कामाला लागली. पहिला नियम असा केला की धड्यातली सगळ्यात अवघड पाच गणितं जो आधी बरोबर सोडवेल त्याला बाकीची माफ. दुसरं, वर्गातला खिडकीजवळचा बाक मोकळा केला. माफी मिळाली की तिथे जाऊन बसायचं, आणि तिथे एकच प्रश्न असेल, पण चिवट. असे प्रश्न आणायचे कुठून? वहिनीला तिसरीपुरतं गणित येतं आणि ते ती लपवत नाही. वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांना गणित शिकवणारे सर आहेत, कुणाशी फारसं न बोलणारे. वहिनीने त्यांना गाठलं. ते इतके खूश झाले की डबा खायचा विसरले.

प्रत्येक प्रश्न आधी माझ्यावर वापरून बघायचा, असं घरी ठरलं. मला कुणी विचारलं नव्हतं. त्यापायी एका गिऱ्हाइकाच्या झग्याची डावी बाही उजवीकडे लागली.

मुख्याध्यापिकाबाईंनी हरकत घेतलीच. "एकीसाठी वेगळा बाक? मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" वहिनी म्हणाली, बाक सगळ्यांचा आहे, ज्याला यायचं त्याने यावं. आणि खरंच येऊ लागले. रुसलेली मैत्रीणही आली, कारण आता भिंगरी तिच्या चुका काढत नव्हती, दोघी मिळून चुकत होत्या.

एके दिवशी सरांनी असा प्रश्न दिला. लागोपाठचे आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. चार आणि पाच, झाले नऊ. एक, दोन, तीन, झाले सहा. अशी प्रत्येक संख्या करता येते का? भिंगरीने सपाटा लावला. पाच झाले, सात झाले, दहा झाले. चार होईनात. आठ होईनात. सोळा तर काही केल्या होईनात. मग तिनेच ओळखलं की बत्तीसही होणार नाहीत, कारण या हट्टी संख्या दरवेळी दुप्पट होत चालल्यात. वहिनी म्हणाली, शाब्बास, पण का होत नाहीत?

आणि तिथे भिंगरी अडली. आयुष्यात पहिल्यांदा अडली. दोन दिवस खिडकीशी बसून राहिली, तिसऱ्या दिवशी खडू फेकला आणि रडत घरी गेली. सकाळी बसवाल्या आईचा फोन आला, "बाई, रात्री जेवली नाही हो नीट." वहिनीचा चेहरा उतरला. सरांनी वहिनीला कारण समजावून सांगितलं होतं, आणि ते तिने मला दोनदा समजावून सांगितलं होतं. "आज जाऊन पोरीला सांगून टाकते," ती म्हणाली. "पुन्हा तिचं पोट दुखायला लागलं तर मी स्वतःला माफ करणार नाही."

त्याच दिवशी मी शाळेत होते. वर्गाच्या खिडक्यांना पडदे शिवायचे होते, म्हणून टेप घेऊन स्टुलावर चढले होते. खाली भिंगरी बाकावर, गाल ओले, बोटं खडूने पांढरी. वहिनी तिच्याजवळ वाकली.

"थोडंसं सांगू का गं? अगदी एवढंसं. सम आणि विषम बघ..."

भिंगरीने दोन्ही हात कानांवर दाबले. "सांगू नका, बाई! सांगू नका!"

सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"अगं, काल रडलीस ना?"

"रडले तर रडले!" ती कान न सोडताच ओरडली. "माझं आहे ते! मला येणार आहे. आणि वरच्या सरांनाही सांगा, मला कुणी काही सांगायचं नाही म्हणून."

वहिनी सरळ उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, मी स्टुलावर टेप हातात धरून तशीच. मापं सगळी विसरले होते. मग वहिनी म्हणाली, "बरं बाई, नाही सांगत," आणि पाठ फिरवून फळ्याकडे गेली. पुसायला फळ्यावर काहीच नव्हतं, तरी बराच वेळ ती तो पुसत राहिली.