रिसोलत ओपांचं मशीन

चहा संपला, असं मला वाटलं आणि मी तोंडावरून हात फिरवला. एवढंच केलं. पण उमुरझोक ओतांच्या अंगणात त्या एका हातानं लोखंड कापायचं एक अख्खं मिलिंग मशीन विकलं गेलं.

दोष माझ्या गुडघ्यांचा. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाशी मांडी घालून बसलं की दुसऱ्या प्याल्यानंतर ते माझे राहत नाहीत. म्हातारबुवा दोन्ही तळवे उघडून "बरकत होवो" म्हणाले, तेव्हा ही जेवणानंतरची दुवा आहे, आता उठायला मिळणार, या आनंदात मीही तळवे उघडले, जोरात "ओमीन" म्हटलं आणि ते तोंडावरून फिरवले. आमच्या मर्गिलान शहरात दुवेनंतर माणूस उठतो हे खरं. पण सौदाही तिथंच पक्का होतो. ओतांच्या चेहऱ्यावर मशीन विकल्याचं समाधान पसरलं. आणि ज्यांना ते घ्यायचं होतं, त्या रिसोलत ओपांनी अजून त्यावरचं फडकंही उचललं नव्हतं.

ओपा, म्हणजे ताई, माझ्या शेजारच्या घरात राहतात; मी मास्तर, म्हणून मला दोमला म्हणतात. वयानं मोठ्या, अंगानं रुंद, बोलणं तुटक. पंपांच्या कारखान्यात विशीच्या आधीपासून मिलिंगवर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा बायकांनी खुर्च्या, पडदे घरी नेले. ओपांनी स्वतःचे कटर फडक्यात गुंडाळून आणले. तेव्हापासून रेशमाच्या मागांचे गिअर कापून देतात. लग्नात जेवायला बसण्यापूर्वी टेबल हलवून बघतात आणि डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी सरकवल्याशिवाय पलावाला हात लावत नाहीत. यजमानांना आता सवय झाली आहे.

ज्या शेडमधलं मशीन त्या भाड्यानं वापरायच्या, ती शेड पाडायला काढली. मागवाला इनोमजोन थांबायला तयार होता, पण सणाच्या आधी गिअर मिळाले नाहीत तर काम फरगाण्याला देईन, असं त्यानं हसत हसत सांगितलं होतं. तो हसत सांगतो तेच खरं करतो. ओपांकडे पैसे एकाच मशीनचे. निवड चुकली, तर बहिणीच्या शिलाईच्या दुकानात इस्त्री करायची; बहिणीनं जागाही दाखवून ठेवली होती.

तेव्हा माझी "ओमीन" किती महागात पडणार होती, ते मला ओपांच्या नजरेतच दिसलं. मी प्याल्यात बघत बसलो.

ओपा मात्र शांतपणे म्हणाल्या, "ओता, दोमलांनी केली ती चहाची दुवा. मशीनची मी करीन."

"दुवेचे भाग पाडतेस का, लेकी?"

"चहा प्यायला, चांगला होता. मशीन अजून पाहिलं नाही."

ओता क्षणभर रुसले, मग स्वतःच उठून फडकं काढलं. मशीन टेबलावर बसेल एवढंच, पण मी ढकलून पाहिलं तर मीच मागे सरकलो. ओपांनी कटर धरणाऱ्या स्पिंडलला हात लावला, हँडल फिरवलं. थोडं फुकट फिरलं, मग मशीनचं टेबल हललं. पुन्हा फिरवलं, टोकापर्यंत नेलं. तिथं फुकट फिरणं जवळजवळ नव्हतं.

"मधोमध झिजलंय," ओता म्हणाले. लपवलं नाही. "माझं सगळं काम तिथंच झालं."

ओपांनी मान हलवली आणि उद्या येते म्हणून सांगितलं. रस्त्यात मी दुकानातल्या नव्याकोऱ्या मशीनची बाजू लावून धरली. रंग, वॉरंटी, सुट्या भागांची पेटी, आणि घरच्या विजेवर चालतं. ओपांनी ऐकून घेतलं आणि मला सरळ बाजारातल्या दुकानात नेलं.

नवं मशीन खरंच देखणं होतं. मोटर इतकी हळू बोलायची की ओपांनीही तिचं कौतुक केलं. मग त्यांनी पिशवीतून केसाएवढी हालचालही दाखवणारा डायल गेज काढला, त्याचं टोक स्पिंडलला टेकवलं आणि टेबलावर कोपर रोवून रेलल्या. काटा पळाला; मशीन वाकत होतं.

"ओपा, मशीनला रेलून कोण काम करतं?" दुकानदार म्हणाला.

"कटर रेलतो."

दुकानदारानं वॉरंटीचा कागद पुढे केला. ओपांनी तो माझ्याकडे दिला, कारण वाचायची हौस मला होती.

दुसऱ्या दिवशी त्या ओतांकडे गेल्या आणि मशीनची दुवा स्वतः केली. मला गल्लीतच उभं केलं होतं. मशीन घरी आलं, ओपांनी त्याला घरच्या विजेची मोटर बसवली आणि झिजलेल्या जागेसाठी स्क्रू आणि पितळी नट दोन्ही नवे केले. सणाच्या आधी इनोमजोननं पहिला गिअर मागावर चढवला, हातानं फिरवला. उरलेले कधी, एवढंच विचारलं. ओपा त्या दिवशी बहिणीकडे जाऊन इस्त्रीची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला सांगून आल्या.

मी भारावून गेलो. आमच्या विहिरीचा पंप नुकताच गेला होता. आता मीही जुनाच पंप घेतो, नव्याच्या चकाकीला यापुढे भुलणार नाही, असं मी त्यांना मोठ्या आवाजात जाहीर केलं.

ओपांनी कटरवरचा चुरा ब्रशनं झटकला आणि म्हणाल्या, "तुम्ही नवाच घ्या, वॉरंटीसकट."